आत्याबाईला मिशा असत्या तर…

माझी लेक तेव्हा दुसरीत होती. एका वीज प्रकल्पाच्या कॉलनीत आमचं घर होतं आणि ह्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. जेवणं उरकून मी वह्या तपासायला बसले होते. अंथरुणात पडल्या पडल्या तिनं विचारलं, "आई, उद्या सूर्य उगवलाच नाही तर?"

मान वर न करता मी म्हणाले, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. झोप आता."

ती झोपली. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही. मी तपासत होते त्या वह्या विज्ञानाच्या होत्या.

पुढे कितीतरी वर्षं मला हे आठवलंही नाही. आठवलं ते गेल्या मे महिन्यात, तिचा मुलगा सुट्टीला माझ्याकडे कऱ्हाडला आला तेव्हा. नऊ वर्षांचा आहे. सकाळी दूध पिताना त्याचं सुरू होतं. आजी, जगातल्या सगळ्या माणसांनी एकदम उडी मारली तर? अंगणात खणत खणत सरळ खाली गेलो तर अमेरिकेत निघू? मुंगी हत्तीएवढी झाली तर? तिसऱ्या दिवशी ती म्हण माझ्या जिभेवर आली, आणि तिथंच अडकली. तीस वर्षांपूर्वीची ती रात्र लख्ख डोळ्यांसमोर उभी राहिली.

म्हणून आज तुमच्याशी, लहान मुलांच्या आईबाबांशी, हे बोलावंसं वाटतंय.

ही म्हण आपल्याकडे घराघरांत आहे. 'जर-तरच्या गोष्टी करू नकोस' हे तिचंच भावंड. व्यवहारात त्यात शहाणपण आहे, मी नाकारत नाही. कर्ज काढताना, शेताचा हिशेब मांडताना जर-तरवर विसंबून कसं चालेल? पण तोच तराजू आपण पोराच्या प्रश्नाला लावतो, तेव्हा कुठलं दार बंद करतोय ह्याची आपल्याला कल्पना नसते.

शाळेत मात्र ह्याच जर-तरला गुण असतात. मराठीच्या पेपरातला कल्पनाप्रधान निबंध आठवतो ना? 'परीक्षा नसत्या तर', 'मी पक्षी झालो तर', आणि हमखास येणारा 'सूर्य उगवला नाही तर'. मुलं तो मार्गदर्शकातून पाठ करतात. दूधवाला येणार नाही, शाळेला सुट्टी मिळेल, पाखरं गाणार नाहीत, झाडांना अन्न तयार करता येणार नाही, आणि शेवटी सूर्याला विनवणी की बाबा रे, तू आपला रोज उगव. मराठीचा तास संपतो, विज्ञानाचा सुरू होतो, आणि तिथं सूर्याचं पृथ्वीपासूनचं अंतर पाठ करायचं असतं. एका तासाला नुसती कल्पना, दुसऱ्या तासाला नुसता आकडा. दोन्हींमधली भिंत मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाडली नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नातवाबरोबर तो निबंध मी नव्यानं लिहायला घेतला. पहिल्याच ओळीला आम्ही अडलो. सूर्य उगवला नाही, म्हणजे नेमकं काय झालं? पृथ्वी फिरायची थांबली, की सूर्य विझला, की नाहीसाच झाला? तिन्ही जर वेगळे आणि तिन्हींचे तर वेगळे. हा फरक त्यानंच शोधला. मी फक्त "म्हणजे काय?" एवढंच विचारलं होतं.

पृथ्वी एकाएकी थांबली तर काय, हे त्याला एसटीनं सांगितलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढं फेकले जातात, कारण गाडी थांबली तरी त्यांचा वेग थांबलेला नसतो. कऱ्हाडच्या अक्षांशावर जमीन आपल्याला घेऊन ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगानं पूर्वेला धावते आहे. आपल्याला ते कळत नाही, कारण हवा, झाडं, घरं, नदी सगळंच बरोबर धावतंय. ही गाडी ब्रेक लागून थांबली, तर आपण, कृष्णेचं पाणी आणि वारा, सगळे त्याच वेगानं पूर्वेकडं सुटू. "विट्याच्याही पुढं?" त्यानं विचारलं. विट्याच्या पुष्कळ पुढं.

मग सूर्य नाहीसा होण्याकडं वळलो. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे आणि प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. भागाकार पाचवीतल्या मुलाला जमणारा आहे: ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. पाठ केलेलं अंतर इथं पहिल्यांदा कामाला आलं. सूर्य गेला तरी तेवढा वेळ आपल्या अंगणात ऊन असेल.

"आणि पृथ्वी? ती तर लगेच सुटेल ना?" हा प्रश्न त्याचा. सूर्याच्या ओढीनं पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हे त्याला माहीत होतं. दोरी तुटली की गोफणीतला दगड सुटतो तशी तीही सुटणार. पण कधी? आईन्स्टाइन यांच्या सिद्धान्तानुसार गुरुत्वाकर्षणातला बदलसुद्धा प्रकाशाच्याच वेगानं पोचतो. म्हणजे ती ८ मिनिटं २० सेकंद पृथ्वी, जिथं आता काहीच नाही अशा जागेभोवती निमूट फिरत राहील. हे नुसतं कागदावरचं नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर झालेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या, आणि त्याच टकरीतून निघालेले गॅमा किरण त्यानंतर जेमतेम दोन सेकंदांत पोचले. तेरा कोटी वर्षांची शर्यत आणि दोन सेकंदांचा फरक! अशा लहरी टिपणारी एक वेधशाळा आपल्याकडं हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभी राहणार आहे. हे सांगितल्यावर नातवानं नकाशात औंढा नागनाथ शोधलं. नाहीतर ते गाव त्याला कधी सापडलं असतं?

ऊन गेल्यावर चंद्रही जाईल, कारण त्याचा प्रकाश उसना. पौर्णिमेची रात्र असेल तर जगाच्या दुसऱ्या बाजूला ऊन गेल्यावर अडीच सेकंदांनी आपला चंद्र मावळल्यासारखा विझेल. गुरूचंही तेच, पण तो फार लांब आहे. सूर्याचा शेवटचा किरण त्याच्यापर्यंत जाऊन तिथून परत आपल्याकडं यायचा, म्हणजे आपल्याकडं अंधार पडल्यावरही तासाभराहून जास्त वेळ गुरू आकाशात तसाच चमकत राहील. सूर्य नसलेल्या आकाशात सूर्याचा उजेड! हे मला स्वतःला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. खगोलाचे धडे मी शिकवले होते, आकडे सगळे ठाऊक होते, पण हे चित्र कधी डोळ्यांपुढं आलं नव्हतं.

थंडीचं उत्तर निफाडनं दिलं. डिसेंबर-जानेवारीत तिथं एका रात्रीत पारा इतका उतरतो की द्राक्षबागांमध्ये शेतकरी शेकोट्या पेटवतात. आता अशा रात्री एकीला एक जोडत जायच्या, मध्ये दिवसच नाही. पण त्याच रात्री मुंबईत एवढी थंडी का नसते? समुद्र जवळ म्हणून. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. म्हणजे सूर्य गेल्यावर कोकणातली माणसं देशावरच्यांपेक्षा जास्त तग धरतील. नातवाचा मामा चिपळूणला असतो, त्यामुळं आपण कुठं जायचं हे लगेच ठरलं.

तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टीनं मूल घाबरलं तर? घाबरू शकतं. म्हणून तिसरा जरही त्याला सांगायला विसरू नका. सूर्य विझायचा झाला तरी दिव्याचं बटण दाबल्यासारखा विझू शकत नाही. त्याच्या पोटात तयार झालेल्या ऊर्जेला पृष्ठभागापर्यंत यायलाच हजारो वर्षं लागतात. आतली भट्टी आज बंद पडली तरी उद्या सकाळी ऊन पडेल, आणि परवाही. शिवाय भट्टीत अजून सुमारे ५०० कोटी वर्षांचं जळण शिल्लक आहे.

हे सगळं करताना मला एक गोष्ट उमगली. जर कितीही मोकाट असू दे, तर मात्र बांधलेला असतो. सूर्य नाहीसा करायला पोराला कोणाची परवानगी लागत नाही. पण एकदा तो नाहीसा केला की पुढं मनाला येईल ते म्हणता येत नाही. प्रकाशाचा वेग तोच राहणार, पाणी तसंच हळू निवणार. परीकथेत जरही मोकळा आणि तरही मोकळा. पाठ्यपुस्तकात जर आधीच ठरलेला आणि तर पान उलटलं की छापलेला. ह्या वेड्या प्रश्नांत मात्र मुलाची सगळी कल्पनाशक्ती आणि निसर्गाची सगळी शिस्त एकाच खोलीत येतात. म्हणून मी घरात एक नियम केला: एका वेळी एकच जर. सूर्य जाणार असेल तर जाऊ दे, पण मग त्याच गोष्टीत माणसाला पंख फुटणार नाहीत. बाकीचं सगळं आहे तसंच ठेवायचं.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हेच तर केलं. न्यूटन यांनी उंच डोंगरावरून तोफ डागण्याची कल्पना केली. आपण कळसूबाईचं शिखर घेऊ आणि तोफेऐवजी चेंडू. हळू फेकला तर पायथ्याशी पडेल, जोरात फेकला तर लांब. पण सोडलेली कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळं दर ८ किलोमीटरला तिचा पृष्ठभागही सुमारे ५ मीटर खाली वळतो. म्हणजे हवेचा अडथळा नसला आणि चेंडू सेकंदाला ८ किलोमीटर वेगानं सुटला, तर तो पडत राहील आणि जमीनही त्याच्याखालून तेवढीच वळत राहील. तो कायम पडतोय, पण पोचत कधीच नाही. उपग्रह म्हणजे दुसरं काय? आपल्या उत्तम वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १५० किलोमीटर धरला, तर हा त्याच्या १९० पट वेगवान. न्यूटन यांच्या ह्या अशक्य तोफेनंतर अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तेव्हा १९५७ साली सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला. आईन्स्टाइन सोळा वर्षांचे असताना स्वतःला विचारत होते, प्रकाशकिरणाच्या मागं त्याच्याच वेगानं धावत सुटलो तर मला तो कसा दिसेल? दहा वर्षांनी, १९०५ साली, त्यांचा सापेक्षतेचा सिद्धान्त आला. त्या सोळा वर्षांच्या मुलाला कोणी आत्याबाईची मिशी दाखवली नाही, हे आपलं भाग्य.

आणि आपले जयंत नारळीकर. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर, ह्या एका जरवर त्यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा रचली. १७६१ सालच्या त्या दुपारची हुरहूर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या उराशी बाळगून आहे. नारळीकरांनी त्या हुरहुरीला विज्ञानाच्या वाटेनं नेलं आणि वाचणाऱ्याला अणूंच्या जगातल्या अनिश्चिततेपाशी आणून उभं केलं. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते वहीवर नुसती सही करून देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल, असं सांगत. एवढा मोठा शास्त्रज्ञ मुलाच्या प्रश्नाला सहीपेक्षा मोलाचा मानत होता. आपण मुलाच्या प्रश्नाला टीव्हीच्या बातम्यांएवढं तरी मोल देतो का?

खणण्याचा प्रश्न आमच्याकडं आठ दिवस चालला. कऱ्हाडच्या माणसाला तो जवळचाच आहे, का ते पुढं येईलच. आधी आम्ही पृथ्वीचा गोल घेतला आणि त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला बोट ठेवलं. पायाखाली अमेरिका आहे असं आपण सर्रास म्हणतो, पण अमेरिका आपल्यासारखीच उत्तर गोलार्धात. उत्तरेच्या माणसानं सरळ मध्यातून भोक पाडलं तर तो दक्षिणेतच निघणार. कऱ्हाडहून निघालेला माणूस वर येतो तो पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजार-अकराशे किलोमीटरवर. म्हणजे भोकात पहिल्यांदा काय घुसेल? समुद्राचं पाणी. हे समजल्यावर नातवानं खणण्याच्या सामानाच्या यादीत झाकण लिहिलं.

आजवर माणूस किती खोल गेला? रशियात कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक विवर खणायला घेतलं, ते १९८९ साली १२,२६२ मीटरवर पोचलं. रुंदी वीतभर. तळाशी उष्णता १८० अंश सेल्सिअसच्या आसपास, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. त्या उष्णतेत खडक घट्ट राहीना, आणि पुढं जाणं अशक्य झालं. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर आहे ६३७१ किलोमीटर. बाजारातून आणलेल्या कलिंगडावर आम्ही ह्याचं माप काढलं. पृथ्वी कलिंगडाएवढी धरली तर माणसाचं सगळ्यात खोल भोक पाव मिलिमीटरचं. नखाचा ओरखडा.

मग मी त्याला कोयनेचं सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. आमच्या पिढीनं त्या रात्रीच्या कहाण्या ऐकतच लहानपण काढलं. धरणाच्या परिसरात तेव्हापासून धक्के येतच राहिले, आणि ते का येतात हे पाहायला शास्त्रज्ञांनी तिथं खरोखरच खोल विवर घेतलं. कऱ्हाडला त्यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे. ३ किलोमीटर खोल गेलेल्या त्या विवरात साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण लागला आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे लाव्हाचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपण ज्याला सह्याद्री म्हणतो ती त्याहून कितीतरी पुरातन भूमीवर ओतलेली साय आहे. अमेरिकेत निघायचं म्हणून सुरू केलेला प्रवास आमच्या अंगणाच्या पोटात येऊन थांबला, आणि मला वाटतं, तिथंच तो जास्त रंगला.

बरं, समजा भोक आरपार पडलंच. हवा नाही, उष्णता नाही, कडाही घट्ट. उडी मारली तर? पडता पडता वेग वाढत जाईल, केंद्राशी तो सर्वात जास्त होईल, आणि मग पलीकडं चढताना कमी कमी होत पलीकडच्या तोंडाशी क्षणभर थांबेल. ह्याला साधारण ४० मिनिटं लागतात. तिथं कोणी हात धरला नाही तर तेवढ्याच वेळात माघारी. देवळातल्या झोक्यासारखं. पण इथंही तो १६०० किलोमीटरचा वेग आडवा येतो. वरची जमीन पूर्वेला वेगानं धावते, खोलवरची तितक्या वेगानं नाही, म्हणून पडणारा माणूस भोकाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर घासत जाईल. ध्रुवावर भोक पाडलं तर ही अडचण नाही. "म्हणजे ध्रुवावर जायला लागणार," नातू म्हणाला. त्यानं जागा बदलली, प्रश्न सोडला नाही. हेच तर हवं असतं!

सगळ्या माणसांनी एकदम उडी मारण्याच्या प्रश्नाला आम्ही फक्त गुणाकार-भागाकार वापरला. माणसं ८०० कोटी, सरासरी वजन ५० किलो धरलं, तर झाले ४० हजार कोटी किलो. पृथ्वीचं वजन म्हणजे ६ वर चोवीस शून्यं. ती त्यानं एका ओळीत लिहिली आणि वही पुरली नाही म्हणून आडवी धरली. पृथ्वी सगळ्या माणसांपेक्षा सुमारे १५ लाख कोटी पट जड निघाली. सगळे एके ठिकाणी जमून फूटभर उंच उडाले, तर पृथ्वी फुटाच्या १५ लाख कोटीव्या भागाइतकी खाली सरकेल. एका अणूची रुंदी घ्या, तिचे पाच हजार तुकडे करा, त्यातला एक. आणि सगळे परत जमिनीवर आले की पृथ्वीही मूळ जागी.

मला जास्त आवडलं ते मधलं. एके ठिकाणी जमायचं म्हणजे कुठं? जागा किती लागेल? आम्ही अंगणात खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला. त्यात मी, नातू आणि शेजारच्या दोन मुली नीट मावलो. चौघं एका चौकोनात, तर ८०० कोटींना २००० चौरस किलोमीटर पुरतात. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा. जगातली झाडून सारी माणसं साताऱ्याच्या पाचव्या हिश्शात उभी राहू शकतात! मुली खूप वेळ त्या चौकोनात तशाच उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यातली एक म्हणाली, "पण मग सगळ्यांना पाणी कुठून आणायचं?" तिला कोणी सांगितलं नव्हतं हे विचारायला.

अगदी लहानांसाठी जवळचे प्रश्न शोधा. चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पावसात शेणाचं घर वाहून गेलं आणि मेणाचं राहिलं. पण उन्हाळ्यात? मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. चंद्रपूरच्या भर उन्हाळ्यातही सावलीतला पारा पन्नाशीच्या अलीकडंच असतो. म्हणजे सावलीत घर वितळणार नाही, पण मऊ पडेल, वाकेल. मे महिन्यात एक मेणबत्ती गच्चीवर उन्हात आणि एक सावलीत ठेवा आणि मुलालाच चार वाजता बघायला पाठवा. मधमाश्यांना ही अडचण खरोखरच असते. पोळ्यात पिल्लं वाढतात तिथली उष्णता त्या ३५ अंशांच्या आसपास राखतात. उन्हाळ्यात पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. ही गोष्ट सांगितली की चार वर्षांचं मूलही चिऊला पंखा घेऊन देतं.

एक काळजी मात्र घ्याच. काही जर विचार करायचे असतात, करून बघायचे नसतात. वीज, गॅस, विहीर, गच्चीचा कठडा हे त्यातले. छत्री धरून उडी मारली तर, असं मूल विचारतं तेव्हा त्याच्या डोक्यात ती उडी अर्धी झालेली असते. तेव्हा त्याला जवळ बसवून, हा कागदावरचा प्रश्न आहे, असं स्पष्ट सांगा, आणि मग तो कागदावर सोडवाच. नुसतं 'नाही म्हणजे नाही' म्हणून सोडलं तर उत्तर शोधायला ते गच्चीवर जाईल. रुमालाला दोरे बांधून, खाली दगड अडकवून तो माळ्यावरून सोडा. तो किती वेगानं येतो ते त्याला स्वतः पाहू दे.

दमूनभागून घरी आल्यावर हे सगळं कसं जमणार, हे तुमच्या मनात आलं असेल. मीही दोन पाळ्यांत शिकवलंय, स्वयंपाक-पाणी सांभाळून. रोज जमत नाही. आमच्याकडं आता एक जुनी दुरेघी वही आहे. वेळ नसेल तेव्हा प्रश्न त्यात लिहायचा, तारीख घालायची, रविवारी उघडायची. प्रश्न लिहून घेतला गेला एवढ्यानंही मुलाला पुष्कळ मिळतं. आणि फोनला विचारा, पण शेवटी. फोन तर हातात ठेवतो, पण जरपासून तरपर्यंतची वाट चालू देत नाही. आधी अंदाज वहीत, मग फोन. अंदाज किती चुकला आणि कुठं चुकला, ह्यावर तर आमची सगळ्यात जास्त भांडणं होतात.

जूनमध्ये लेक त्याला न्यायला आली. रात्री अंगणात बसलो होतो. नातवानं तिला वही वाचून दाखवली, आणि सूर्याच्या पानावर ती गप्प झाली. मी तिला विचारलं, "तू दुसरीत असताना मला हेच विचारलं होतंस. आठवतं?"

तिला आठवत होतं. म्हणाली, "बाबांची रात्रपाळी असली की ते सकाळी ऊन पडल्यावर यायचे ना? मला वाटायचं, सूर्य उगवतो म्हणून बाबा येतात. तो उगवला नाही तर बाबा कसे येतील, हे मला विचारायचं होतं."

मला काही बोलता येईना. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

नातवाला मात्र हा नवा प्रश्न मिळाला होता. त्यानं वही उघडली. आजोबा गाडीतून कुठं उतरायचे? कॉलनीच्या फाटकाशी. तिथून घर किती लांब होतं? सातशे मीटर असेल. ते किती वेगानं चालायचे? ताशी पाच किलोमीटर धर, म्हणाली लेक. त्यानं भागाकार केला. ८ मिनिटं २४ सेकंद.

"सूर्य गेला त्या क्षणी ते फाटकाशी उतरले असले, तर चार सेकंद कमी पडतील," तो म्हणाला. मग पेन्सिल थांबली. "पण आजी, सूर्य गेलाय हे त्यांना कळणारच नाही ना. प्रकाशाच्या आधी कोणीच सांगू शकत नाही."

"नाही कळणार," मी म्हणाले. "ते आपले खिशातले शेंगदाणे खात येतील."

"मग घराच्या दारापाशीच अंधार होईल," तो म्हणाला, आणि वहीत लिहिलं: दिवा लावून ठेवणे.